पितळी केस, फुटलेली काच आणि एकच निकेल सल्फाइड

गेल्या अंकात मिलेराइट या खनिजाचं, म्हणजे निसर्गात मिळणाऱ्या एका निकेल सल्फाइडचं (निकेल आणि गंधक यांच्या संयुगाचं), छायाचित्र छापलं होतं. गारेच्या (क्वार्ट्झच्या) पोकळ गोट्यात केसासारख्या पितळी सुया उभ्या आहेत, असा तो नमुना होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न (नाशिक) : प्रदर्शनात गारेचा एक पोकळ गोटा घेतला. आत सोनेरी तंतू आहेत. चिठ्ठीवर ‘रूटाइल’ लिहिलंय, पण एका जुन्या संग्राहकांच्या मते ते मिलेराइट आहे. घरच्या घरी ठरवता येईल का?

बरंचसं ठरवता येतं, फक्त क्रम पाळायला हवा. आधी डोळ्यांनी पाहायचं, हात नंतर लावायचा. हे तंतू एकदा मोडले की जोडता येत नाहीत.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. पहिली गोष्ट पाहायची ती तंतूंची जागा. ते गारेच्या आत अडकलेले असतील, म्हणजे बोट लावलं तर गारेचा गुळगुळीत पृष्ठ लागतो आणि तंतू खाली दिसतो, तर बहुतेक वेळा ते रूटाइल, म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड असतं. बाजारात ‘सोनेरी केसांचा स्फटिक’ म्हणून जे विकतात ते हेच. मिलेराइट बहुधा पोकळीत मोकळं उभं असतं. गार, डोलोमाइट किंवा कॅल्साइटच्या दाण्यांवर त्याचा पाया असतो आणि तिथून सुया चहूकडे फाकतात. अपवाद आहेत. कॅल्साइटच्या आत गुरफटलेलं मिलेराइटही मिळतं, म्हणून जागेवरून अंदाज बांधायचा, निकाल द्यायचा नाही.

दुसरी तपासणी उजेडाची. तंतूच्या मागून बारीक टॉर्च धरा. रूटाइलचा पातळ तंतू उजेड आरपार सोडतो आणि तांबूस किंवा मधासारखा पेटल्यागत दिसतो. मिलेराइट कितीही बारीक असलं तरी अपारदर्शकच राहतं. समोरून उजेड पडला की पितळ चमकतं, मागून पडला की काळी रेघ दिसते. नाशिकच्या गोट्याचा प्रश्न बहुधा इथेच सुटेल.

मागून काळं आणि समोरून पितळी दिसलं, तरी ते मिलेराइटच असं लगेच म्हणू नका. पायराइट हे लोहाचं सल्फाइडसुद्धा क्वचित केसासारखं वाढतं, आणि गोएथाइट या लोहखनिजाच्या सुयांना कधी कधी पिवळट झळाळी असते. एक सुटलेला तंतू मिळाला तर तो पांढऱ्या कागदावर ठेवून दाभणाच्या टोकाने हलकेच वाकवून पाहा. मिलेराइटचे फार बारीक तंतू थोडे वाकून परत सरळ होतात, जाड सुया मात्र ठिसूळ असतात. या एका खुणेवर सगळी भिस्त ठेवू नये.

नमुना तंतूंचा नसून घट्ट गोळ्याच्या रूपात असेल, तर काम सोपं होतं. बिनचकाकीच्या पांढऱ्या फरशीवर, म्हणजे बाथरूमच्या टाइलच्या मागच्या बाजूवर, कोपरा घासा. मिलेराइटचा कस, म्हणजे फरशीवर उमटणाऱ्या रेघेचा रंग, हिरवट काळा येतो. कॅल्कोपायराइट (तांबं आणि लोह यांचं सल्फाइड) आणि पायराइट यांचाही कस हिरवट काळाच असतो, त्यामुळे कसावरून रूटाइल आणि गोएथाइट बाद होतात, ही सल्फाइड भावंडं बाद होत नाहीत. गोएथाइटचा कस पिवळट तपकिरी आणि रूटाइलचा फिकट तपकिरी असतो.

पुढे कठिनता पाहा. एक ते दहाच्या मोह मापावर मिलेराइटची ३ ते ३.५ आहे, म्हणजे पोलादी चाकूचा ओरखडा त्यावर सहज उठतो. पायराइटची ६ ते ६.५ आहे, तिथे चाकू घसरतो. राहिलं कॅल्कोपायराइट, त्याची ३.५ ते ४. इथे चाकूचा उपयोग नाही, वजन करावं लागतं.

मिलेराइटचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याहून ते किती पट जड, ५.३ ते ५.५, कॅल्कोपायराइटचं ४.१ ते ४.३. तुकडा आधी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा आणि तुकडा बारीक दोऱ्याने पाण्यात लटकता सोडा. तो तळाला किंवा भांड्याच्या कडेला लागता कामा नये. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल, तेवढं तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. २६.५ ग्रॅमचा तुकडा ४.९ ग्रॅम दाखवत असेल तर उत्तर ५.४ येतं. तेवढंच कॅल्कोपायराइट ६.३ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. चुका दोनच ठिकाणी होतात. एक म्हणजे भेगांत अडकलेले हवेचे बुडबुडे, ते उत्तर खाली ओढतात, म्हणून तुकडा आधी पाण्यात बुडवून बुडबुडे झटकून टाका. दुसरी म्हणजे चिकटलेली गार किंवा कॅल्साइट. २.७ गुरुत्वाचा दगड सोबत तोलला गेला तर मिलेराइटचं उत्तर सरळ कॅल्कोपायराइटवर येऊन बसतं. काटा निदान ०.१ ग्रॅमपर्यंत नेमका असावा, सोनाराचा असेल तर फारच उत्तम.

प्रश्न (सांगली) : हे नाव कुणावरून पडलं?

विल्यम हॅलोज मिलर (१८०१-१८८०) यांच्यावरून. ते वेल्समध्ये जन्मले आणि केंब्रिजला खनिजशास्त्राचे प्राध्यापक होते. या खनिजाच्या स्फटिकांचा अभ्यास त्यांनी केला होता, म्हणून १८४५ साली विल्हेल्म हायडिंगर यांनी त्यांचं नाव त्याला दिलं. स्फटिकाच्या पृष्ठांना आकडे देण्याची जी पद्धत भौतिकशास्त्राच्या वर्गात ‘मिलर निर्देशांक’ म्हणून शिकवतात, ते मिलर हेच. खनिजाचं मूळ ठिकाण बोहेमियातलं याखिमोव, म्हणजे जर्मन नावाने योआखिमस्थाल. जर्मन खाणकामगार त्याआधीपासून त्याला ‘केसाळ पायराइट’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत होते.

प्रश्न (एम.एस्सी. भूविज्ञान, नागपूर) : पुस्तकात मिलेराइटचा वर्ग २.सीसी.२० दिला आहे. निकेल आणि गंधक १:१ असलेल्या खनिजाची रचना निकोलाइटसारखी, म्हणजे निकेल आर्सेनाइडच्या नमुन्याची, असायला हवी ना? मग दोघं वेगळ्या घरांत का? आणि इतर निकेल सल्फाइडं कुठे बसतात?

प्रश्नात जे गृहीत धरलंय, नेमकं तिथेच उत्तर आहे. १:१ हे प्रमाण रचना ठरवत नाही.

आधी क्रमांक उलगडू. खनिजांच्या वर्गीकरणाच्या स्ट्रुन्झ पद्धतीत ‘२’ हा सल्फाइडांचा वर्ग आहे, त्यात सेलेनाइड, टेल्युराइड आणि आर्सेनाइडही येतात. पहिलं ‘सी’ म्हणजे धातू आणि गंधक १:१. दुसरं ‘सी’ म्हणजे तो धातू निकेल, लोह, कोबाल्ट किंवा प्लॅटिनम गटातला. ‘२०’ हे घर मिलेराइटचं, आणि त्याचा शेजारी मॅकिनेनाइट, म्हणजे गंधकाच्या जागी सेलेनियम असलेलं त्याच बांधणीचं खनिज. निकोलाइटचं घर त्याच मजल्यावर आहे, पण ०५ क्रमांकाचं. मजला रसायनावरून ठरला, घर रचनेवरून. डेना या दुसऱ्या वर्गीकरण पद्धतीत मिलेराइटचा क्रमांक २.८.१६.१ आहे, पण तर्क तोच.

आता रचनेकडे येऊ. निकोलाइटमध्ये प्रत्येक निकेल सहा शेजाऱ्यांनी वेढलेला असतो, अष्टफलकाच्या मध्यावर. मिलेराइटमध्ये शेजारी पाचच. चार गंधक खाली चौकोनात आणि पाचवा वर टोकाला, असा चौकोनी पायाचा पिरॅमिड तयार होतो. गंधकाभोवतीही पाच निकेल असतात. शिवाय तीन-तीन निकेल अणू एकमेकांच्या फार जवळ, सुमारे २.५ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) येऊन त्रिकोण बांधतात. धातू-धातू बंधांच्या या त्रिकोणांमुळे हे खनिज वीज चांगली वाहून नेतं. प्रणाली ट्रायगोनल आहे. षट्कोणी मापाने एकक पेटी घेतली तर आडवी बाजू ९.६ अँगस्ट्रॉम, उभी फक्त ३.१५, आणि पेटीत निकेल-गंधकाच्या नऊ जोड्या. वाढ याच उभ्या आखूड अक्षाच्या दिशेने होते, म्हणून सुया बनतात. पाटन, म्हणजे ठराविक सपाट पातळ्यांवर फुटण्याचा गुण, दोन दिशांना पूर्ण आहे, पण ते पाहायला तंतू कामाचे नाहीत, जाड दाणेदार नमुना लागतो. कॅनडात क्वेबेकमधल्या मारब्रिज खाणीतले असे पाटनयुक्त तुकडे संग्राहकांना परिचित आहेत.

निकेल आणि गंधक १:१ असूनही निकोलाइटच्या बांधणीचा पदार्थ असतो, पण तो उच्च तापमानाचा अवतार. ३७९ अंश सेल्सिअसच्या वर तो स्थिर, खाली मिलेराइट स्थिर. नावांचा घोळ इथे सांभाळा. भूविज्ञानाच्या लेखांत उच्च तापमानाच्या रूपाला अल्फा आणि मिलेराइटला बीटा म्हणतात, तर रसायनातल्या काही जुन्या लेखांत मिलेराइटच गॅमा आहे. ग्रीक अक्षरावर विश्वास ठेवू नका, रचना कोणती दिलीय ते वाचा.

तुमच्या विभागात एक्स-रे विवर्तनाचं यंत्र असेल तर तांब्याच्या किरणांवर मिलेराइटच्या ठळक रेषा दोन थीटाच्या १८.४, ३२.२, ३५.७ आणि ४८.८ अंशांजवळ शोधा, त्यात ३२.२ ची सर्वांत ठळक. उच्च तापमानाच्या रूपाच्या ठळक रेषा ३०, ३४.६, ४५.८ आणि ५३.५ अंशांजवळ येतात. सुया दळून पावडर केल्या तरी पाटीवर एकाच दिशेला आडव्या पडतात आणि रेषांची तीव्रता पुस्तकाशी जुळत नाही. पावडर दाबून सपाट करण्याऐवजी चाळून सैल भरा, आणि तीव्रतेपेक्षा रेषेच्या जागेला महत्त्व द्या.

आता भावंडं. गंधकाचं प्रमाण वाढत जातं तसा निकेलचा वाटा घटतो, आणि त्या क्रमाने ती लावली की वर्गीकरण पाठ करावं लागत नाही. हीझलवुडाइटमध्ये तीन निकेलला दोन गंधक, म्हणून निकेल वजनाने ७३.३ टक्के. हे टास्मानियातल्या हीझलवुडच्या लॉर्ड ब्रासी खाणीत सापडलं आणि १८९६ मध्ये नोंदवलं गेलं. सर्पेंटाइनी खडकांत, गंधक फार कमी असलेल्या वातावरणात ते बनतं. गॉडलेव्स्काइट नऊला आठ, त्यात निकेल ६७.३ टक्के, पण निसर्गात थोडं लोह निकेलची जागा घेतं. ही दोन्ही ‘बी’ गटात, कारण धातू गंधकाहून जास्त. मग मिलेराइट, ६४.७ टक्के. पॉलिडिमाइट तीनला चार, ५७.९ टक्के, स्पिनेलच्या बांधणीचं, ‘डी’ गट. शेवटी व्हेसाइट, एकाला दोन, ४७.८ टक्के, ‘ई’ गट. व्हेसाइटमध्ये गंधकाचे अणू जोडीजोडीने बांधलेले असतात आणि रचना थेट पायराइटची आहे. त्याची नोंद १९४५ मध्ये काँगोतल्या कटांगा भागातून झाली.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या रासायनिक तपासणीत अणूंची टक्केवारी ५०-५० आली तर मिलेराइट, ६०-४० आली तर हीझलवुडाइट, असं म्हणायला हरकत नाही. पण घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठावर मापा. खडबडीत सुईवर मापलं तर गंधकाचा आकडा दोन-तीन टक्के सहज इकडेतिकडे होतो आणि मिलेराइट व गॉडलेव्स्काइट यांतला फरकच तेवढा आहे. परावर्तित उजेडाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मिलेराइट पिवळं दिसतं आणि मंच फिरवला की क्रॉस केलेल्या ध्रुवकांमध्ये ठळकपणे रंग बदलतं. शेजारचं पेंटलॅंडाइट (लोह-निकेल सल्फाइड) फिकट मलईच्या रंगाचं असतं आणि फिरवल्याने त्यात फरक पडत नाही, कॅल्कोपायराइटमध्ये फार किंचित पडतो. एवढ्यावरून परीक्षेतल्या स्लाइडवर तिघं वेगळी ओळखता येतील.

प्रश्न (ठाणे) : बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीची टफन्ड काच मध्यरात्री कुणी हात न लावता फुटली. ठेकेदार म्हणतो, ‘निकेल सल्फाइडमुळे झालं, आमचा दोष नाही.’ असं खरंच होतं का? आणि तुमच्या मिलेराइटशी याचा काही संबंध आहे का?

होतं, आणि संबंध थेट आहे. मात्र ठेकेदाराचं वाक्य पुराव्याशिवाय मान्य करू नका.

काच ओतताना कच्च्या मालातून किंवा यंत्रांतून निकेलयुक्त मिश्रधातूचा, उदाहरणार्थ स्टेनलेस स्टीलचा, सूक्ष्म कण आत जातो. काचेतले बुडबुडे काढायला सोडियम सल्फेट घालतात, इंधनातही गंधक असतं. दोन्ही मिळून निकेल सल्फाइडचा एक गोल कण बनतो, बहुतेकदा मिलिमीटरच्या वीसाव्या भागापासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा. काच तापलेली असताना हा कण उच्च तापमानाच्या रूपात असतो. साधी काच भट्टीतून सावकाश थंड होते, तेव्हा ३७९ अंशांखाली उतरताना कणाला मिलेराइट व्हायला वेळ मिळतो. टफन्ड काच मात्र ६२० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी काही सेकंदांत गार करतात. कण जुन्या रूपातच अडकून राहतो आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूहळू मिलेराइटमध्ये बदलतो. बदलताना त्याचं आकारमान जास्तीत जास्त चार टक्क्यांपर्यंत वाढतं.

एवढ्याशा कणाने पूर्ण काच का फुटावी? कारण टफन्ड काचेच्या पोटात आधीच ताण साठवलेला असतो. १० मिलिमीटर जाडीत दोन्ही बाहेरचे सुमारे दोन-दोन मिलिमीटर दाबाखाली असतात, मधले सहा ओढीखाली. कण बाहेरच्या थरात असेल तर सहसा काही होत नाही. मधल्या थरात असेल तर त्याच्याभोवती उठलेली केसाएवढी भेग ओढीच्या भागात धावते आणि क्षणात सगळ्या काचेचे फासे होतात. साध्या काचेत असा ताण नसतो, म्हणून ती या कारणाने फुटत नाही. फुटण्याचं हे कारण १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतील ई. आर. बॅलंटाइन यांनी मांडलं.

आता पुरावा. काच चौकटीत किंवा फिल्मला चिकटून राहिली असेल तर झाडू लावण्याआधी फोटो काढा. भेगा जिथून चहूकडे पसरल्या तो मध्य शोधा. निकेल सल्फाइडच्या बाबतीत तिथे शेजारच्या फाशांहून मोठे दोन तुकडे असतात, एक समाईक सरळ कड असलेले, फुलपाखराच्या पंखांसारखे. ते दोन तुकडे जपून ठेवा. समाईक कडेवर, काचेच्या जाडीच्या मधल्या भागात, काळपट ठिपका भिंगाखाली दिसायला हवा. फुलपाखरू एकटं पुरेसं नाही, कारण मध्यावर दुसऱ्या कशानेही इजा झाली तरी तशी आकृती येऊ शकते. ठिपक्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होऊन निकेल आणि गंधक दिसले की वाद संपतो.

भेगा काचेच्या कडेपासून, बिजागरीच्या भोकापासून किंवा क्लॅम्पजवळून निघाल्या असतील तर कारण वेगळं आहे. कडेचा टवका, धातूला थेट टेकलेली काच, मधली रबरी चकती न घालता आवळलेला बोल्ट, ही नेहमीची कारणं. त्यात निकेलचा काही हात नाही आणि ती बसवणाऱ्याच्या कामाकडे बोट दाखवतात.

पुढची काच घेताना ‘हीट सोक’ केलेली मागा. यात टफन्ड काच पुन्हा भट्टीत ठेवतात, म्हणजे ज्या काचेत घातक कण आहे ती तिथेच फुटते. युरोपीय मानक ईएन १४१७९ च्या २०१६ च्या आवृत्तीत काचेचं तापमान २६० अंश, दहा अंश कमी-जास्त, आणि त्या तापमानावर किमान दोन तास असं आहे. आधी ते २९० होतं. तापमान वाढवलं की चाचणी कडक होते असं नाही. कणात गंधक थोडं जास्त असेल तर त्याचं रूपांतर ३७९ च्या बरंच खाली सरकतं. भट्टी गरज नसताना जास्त तापवली तर असा कण भट्टीत बदलतच नाही आणि चाचणीतून सहीसलामत सुटतो. म्हणून प्रमाणपत्रात भट्टीच्या हवेचं नव्हे तर काचेच्या पृष्ठाचं तापमान आणि वेळ यांचा आलेख आहे का, ते पाहा. दोन तास मोजायला सुरुवात सगळ्यांत थंड काच तापमानाला पोचल्यावर होते. गच्च रचलेल्या भट्टीत मधल्या काचा मागे राहतात, आणि तिथेच ही चाचणी फसते.

हीट सोकनेही धोका शून्य होत नाही, खूप कमी होतो. बाराव्या मजल्याच्या बाल्कनीला आमचा आग्रह लॅमिनेटेड काचेचा राहील. मधल्या प्लास्टिकच्या थराला तुकडे चिकटून राहतात, खाली चालणाऱ्याच्या डोक्यावर पडत नाहीत.

प्रश्न (जळगाव) : आमच्याकडच्या खदानींत झिओलाइटच्या सुया भरपूर मिळतात. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये मिलेराइट का मिळत नाही?

आपल्याकडच्या पोकळ्यांतल्या सुया मेसोलाइट, स्कोलेसाइट आणि त्यांच्या कुळातल्या. पांढऱ्या किंवा पाण्यासारख्या, काचेच्या चमकेच्या आणि हातात हलक्या, विशिष्ट गुरुत्व २.२-२.३. कधी त्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा पिवळा-तपकिरी थर चढतो आणि त्या ‘सोनेरी’ दिसतात. त्या चमकेत धातू नसतो, भिंगाखाली लगेच कळतं.

मिलेराइटला दोन गोष्टी लागतात, निकेल आणि सल्फाइडच्या रूपातलं गंधक. दख्खनच्या सामान्य बेसॉल्टमध्ये निकेल दहा लाख भागांत साधारण पन्नास ते दीडशे भाग असतं, आणि तेही ऑलिव्हिन व पायरॉक्सिनसारख्या खनिजांत विखुरलेलं. पोकळ्या भरणारं पाणी सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम घेऊन फिरत होतं, गंधक त्यात नगण्य. म्हणून तिथे झिओलाइट, कॅल्साइट आणि ॲपोफिलाइट वाढले.

लाव्हाचा प्रांत असला की निकेल नसतंच, असं मात्र नाही. सायबेरियाचा ट्रॅप प्रदेश, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनसारखाच बेसॉल्टचा, आणि तिथल्या नोरिल्स्क-तालनाख भागात जगातल्या सर्वांत मोठ्या निकेल सल्फाइड साठ्यांपैकी एक आहे. तिथे वर येणाऱ्या शिलारसाच्या वाटेत जिप्सम-ॲनहायड्राइटचे जाड थर आडवे आले. त्यांतलं गंधक शिलारसात मिसळलं, सल्फाइडचे थेंब वेगळे झाले आणि त्यांनी निकेल, तांबं, प्लॅटिनम ओढून घेतलं, अशी मांडणी बहुतेक संशोधक मान्य करतात. गॉडलेव्स्काइटही तालनाखच्या खनिजांतूनच १९६९ मध्ये नोंदवलं गेलं. दख्खनमध्ये तसा साठा आजवर सापडलेला नाही.

भारतात निकेल सल्फाइडांसाठी नजर झारखंडकडे वळवावी लागते. पूर्व सिंहभूममध्ये तांब्याच्या आणि जादुगुड्याच्या युरेनियमच्या खनिजांसोबत निकेल आढळतं. ओडिशातल्या सुकिंद्याचं निकेल वेगळं, ते क्रोमाइटवरच्या झिजलेल्या तांबड्या थरात ऑक्साइडांच्या रूपात आहे.

तंतुमय मिलेराइटची नावाजलेली ठिकाणं मात्र शांत, कमी तापमानाच्या गाळाच्या खडकांतली आहेत. दक्षिण वेल्सच्या कोळसा खाणींतले लोहकार्बोनेटचे गोटे फोडले की भेगांत ते मिळतं. अमेरिकेत केंटकीतलं हॉल्स गॅप आणि आयोवाच्या कीओकक भागातले पोकळ गोटे यांसाठी प्रसिद्ध आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कंबाल्डाला ते घट्ट खनिजाच्या रूपात आहे. धातूसाठी मिलेराइट उत्तम, पण साठे थोडे, म्हणून सल्फाइडांतून येणारं बहुतेक निकेल पेंटलॅंडाइटमधून काढलं जातं.

प्रश्न (रसायन शिक्षक, कोल्हापूर) : कॉलेजच्या प्रयोगशाळेत निकेलची खात्री कशी करावी?

डायमिथिलग्लायऑक्झिमने. ही चाचणी लेव्ह चुगाएव्ह यांनी १९०५ मध्ये दिली आणि आजही तिच्याइतकी सोपी दुसरी नाही.

मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा बारीक करून परीक्षानळीत घ्या. धूर-कपाटात एक मिलिलिटर नायट्रिक आम्ल (निम्मं आम्ल, निम्मं पाणी) घालून गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं धरा. तपकिरी धूर विषारी आहे, म्हणून हे टेबलावर करू नये. द्रावण हिरवं होतं आणि गंधकाचे पिवळट कण तरंगतात. गार करून पाणी घालून पाच मिलिलिटर करा, चिमूटभर टार्टारिक आम्ल घाला, मग लाल लिटमस निळा होईपर्यंत अमोनिया. शेवटी अल्कोहोलमधल्या एक टक्का डायमिथिलग्लायऑक्झिमचे तीन-चार थेंब. निकेल असेल तर गुलाबी लाल साका येतो.

साका न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे द्रावण अजून आम्लधर्मीच आहे. टार्टारिक आम्ल विसरलं तर लोहाचा तपकिरी चोथा सगळं झाकून टाकतो. लोह फेरस रूपात उरलं तर अमोनियात नुसता लाल रंग येतो, साका नाही. नायट्रिक आम्लाने नीट तापवलं तर ही फसगत होत नाही. अमोनिया घालताच येणारा निळा रंग तांब्याचाही असू शकतो, त्यावर थांबू नका. आणि अभिकर्मक फार ओतलं तर त्याचेच पांढरे स्फटिक खाली बसतात.

ही चाचणी ‘निकेल आहे’ एवढंच सांगते. पेंटलॅंडाइट आणि निकोलाइटही तोच लाल साका देतील. मिलेराइट म्हणायचं तर वरची कठिनता, गुरुत्व आणि शक्य असेल तर विवर्तन यांची जोड हवी. हातमोजे वापरा, निकेलची संयुगं कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहेत आणि त्वचेला ॲलर्जीही देतात. उरलेलं द्रावण बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या बाटलीत साठवा.

प्रश्न (रत्नागिरी) : कोकणच्या दमट हवेत असा नमुना टिकेल का?

टिकेल, पण उघड्या कपाटात नाही. दमट हवेत मिलेराइटवर आधी राखाडी किंवा इंद्रधनुषी थर चढतो, पुढे मुळाशी हिरवी पूड दिसू लागते. ती निकेलच्या सल्फेटांची किंवा जलयुक्त संयुगांची असते, आणि नमुना कुजतोय याची खूण.

घट्ट झाकणाच्या पारदर्शक डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर नव्हे, ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर सुकवा. ओव्हन स्वयंपाकाचा नसावा, कारण रंग दाखवणारे निळे दाणे कोबाल्टचे असतात. सुया पाण्याने किंवा ब्रशने कधीच साफ करू नका, तंतू गुंतून मोडतात. धूळ उडवायची तर कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळणारा रबरी फुगा एक हात अंतरावरून हलकेच दाबा. मुळाशी हिरवा डाग आधीच असेल तर तो खरवडायचा मोह आवरा. त्याचा फोटो काढून तारीख लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ताडून पाहा. डाग वाढला असेल तर डबी गळते आहे, डबी बदला.